वाचकांचे प्रश्न : नाईलच्या पूर्वकाठावरचे बोर

गेल्या अंकात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना दक्षिण सुदानमधील बोर या नदीकाठच्या जिल्ह्याचा आम्ही दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळी अनेकांना अपुऱ्या वाटल्या, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. म्हणून या वेळचे सदर केवळ बोरसाठी ठेवले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सैन्यात होता आणि शांतिसेनेच्या तुकडीबरोबर काही महिने बोर येथे राहून आला. त्याच्या बोलण्यात चिखल, गुरे आणि नदी यांशिवाय फारसे काही येत नाही. हा भाग नेमका कसा आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या भावाने तीन शब्दांत जे सांगितले, ते भूगोलाच्या पुस्तकापेक्षा फारसे कमी नाही. दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथून नाईल उत्तरेकडे वाहू लागली की सुमारे दोनशे किलोमीटरांवर पूर्वकाठाला बोर लागते. (आपल्या बोरी-बाभळीशी या नावाचा उच्चारापलीकडे काही संबंध नाही.) येथपर्यंत नदीला काठ म्हणावा असा काठ आहे. येथून पुढे मात्र ती पसरते, फाटे फोडते, पपायरसच्या बेटांतून आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत आलेल्या जलपर्णीतून वाट काढत प्रचंड दलदलीत शिरते. या दलदलीला ‘सद्द’ म्हणतात आणि अरबीत या शब्दाचा अर्थ अडथळा असा आहे. नदीत आलेल्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे येथेच उन्हाने आणि वनस्पतींनी उडून जाते. हे निम्मे पाणी पुढच्या उत्तरांत पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावे.

जमीन सपाट आणि काळी चिकणमाती. पावसाळ्यात तिच्यावरून चालवत नाही आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. नदीपासून थोडे पूर्वेला जमीन जराशी उंच आहे. तेथे दिंका लोकांची गावे, ज्वारीची शेते आणि गोल आकाराचे मोठे गोठे असतात. पावसाळा संपून पाणी ओसरू लागले की साधारण डिसेंबरपासून तरुण मंडळी गुरे घेऊन नदीलगतच्या कुरणांवर उतरतात. या कुरणांना दिंका भाषेत ‘तोइच’ म्हणतात. धरणाचे पाणी मागे हटल्यावर आपल्याकडे गाळपेर करतात, त्याच तत्त्वावर तेथे पिकाऐवजी गवत उगवते, एवढाच फरक. ज्याच्या ताब्यात तोइच, त्याची गुरे उन्हाळा काढतात, आणि गुरे जगली तरच लग्न जमते, कारण वधूमूल्य गुरांतच मोजले जाते.

जुन्या काळी ज्याला बोर जिल्हा म्हणत, त्यात आजचे बोर, ट्विक ईस्ट आणि डुक हे तीन तालुके येतात. उत्तरेला नुएर, पूर्वेला मुर्ले आणि दक्षिणेला मुंदारी हे शेजारी असून तेही गुरे पाळणारेच आहेत. उन्हाळ्यात सर्वांना पाणी हवे असते आणि ते नदीच्या बाजूला असते. एकमेकांची गुरे पळवणे येथे पूर्वापार चालत आले आहे. युद्धाच्या कथेत ही गोष्ट महत्त्वाची ठरते, पण तीच संपूर्ण कथा आहे असे मानणे चुकीचे होईल.

प्रश्न : इंग्रजांच्या काळात या भागाची स्थिती काय होती? तेव्हापासूनच येथे बंडाळी होती काय? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात नाईलवरून वर आलेले व्यापारी हस्तिदंत आणि गुलाम नेत असत. त्यांच्यानंतर आलेल्या इंग्रजी सत्तेलाही जमिनीवरचा रस्ता नव्हता. ती आगबोटीतून आली, आणि बोटीच्या भट्टीसाठी लाकूड जेथे मिळे तेथे थांबली. बोरच्या दक्षिणेला मालेक येथे १९०५-०६ च्या सुमारास अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र सुरू झाले. दक्षिण सुदानातील तिच्या कार्याची सुरुवात हीच होय. आर्चिबाल्ड शॉ हे मिशनरी तेथे अनेक वर्षे राहिले आणि दिंका भाषा उत्तम बोलत. मालेकच्या शाळेमुळे बोरच्या काही मुलांना शेजाऱ्यांच्या आधी अक्षरओळख झाली. पुढे दक्षिणेच्या प्रशासनात आणि राजकारणात बोरची माणसे संख्येपेक्षा अधिक दिसू लागली, आणि त्याचा इतरांच्या मनात सल राहिला.

बंडाविषयी म्हणाल, तर १९१९ च्या डिसेंबरात समोरच्या पश्चिम काठावर अलियाब दिंकांनी मोंगाला प्रांताचा गव्हर्नर स्टिगंड याला ठार मारले. त्यानंतर सरकारने जी शिक्षा दिली ती गावे जाळून आणि गुरे हाकून नेऊन दिली. त्या प्रदेशात सरकार म्हणजे काय, याची पहिली ओळख अनेकांना अशी झाली.

१९५५ ते १९७२ हे पहिले यादवी युद्ध. तेव्हा सुदान एकच देश होता, आणि उत्तरेकडील खार्तूम या राजधानीतले सरकार व दक्षिणेतले बंडखोर यांच्यात ते झाले. त्याचा शेवट आदिस अबाबा येथील कराराने झाला. दक्षिणेला स्वायत्त सरकार मिळाले आणि त्याचे प्रमुख झाले अबेल अलिएर, जे स्वतः बोर दिंका होते. १९७६ मध्ये जोंगलेई हा नवा प्रांत तयार होऊन बोर त्याची राजधानी ठरले.

प्रश्न : दुसरे यादवी युद्ध बोर येथे सुरू झाले असे वाचले. एवढ्या लहान गावात देशव्यापी युद्ध सुरू होण्याचे कारण काय? कालव्याचा त्याच्याशी संबंध होता असेही कोठे तरी वाचनात आले. (एक निवृत्त अभियंता, कोल्हापूर)

उत्तर : आपण अभियंता असल्याने कालव्यापासून सुरुवात करतो. सद्दमध्ये नाईलचे जवळजवळ निम्मे पाणी नाहीसे होते, हे वर सांगितलेच. इजिप्तच्या दृष्टीने ही नासाडी होती. विल्यम गार्स्टिन या इंग्रज अभियंत्याने १९०४ मध्येच दलदलीला वळसा घालून सरळ कालवा काढण्याचा विचार मांडला होता. ती कल्पना सत्तर वर्षे फायलीत राहिली आणि १९७४ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी ती प्रत्यक्षात आणण्याचे ठरवले. बोरच्या बाजूने निघून मलाकालजवळ सोबात नदीच्या मुखाशी पोचणारा, सुमारे ३६० किलोमीटर लांबीचा जोंगलेई कालवा खोदायचा, आणि त्यातून वाचणारे पाणी दोन्ही देशांनी निम्मे निम्मे घ्यायचे, अशी योजना होती.

ज्या लोकांच्या कुरणांतून हे पाणी काढून घेतले जाणार होते, त्यांना कोणी विचारले नाही. इजिप्तचे लाखो शेतकरी येथे आणून वसवणार अशी अफवा पसरली आणि १९७४ मध्ये जुब्यात दंगल होऊन माणसे मेली. अलिएर यांनी कालव्याची बाजू घेतली. आपल्या लोकांना काठीने हाकलून स्वर्गात न्यावे लागले तरी आम्ही ते त्यांच्याच भल्यासाठी करू, अशा अर्थाचे त्यांचे विधान दक्षिणेत अजून विसरलेले नाहीत. गुराख्यांच्या समाजातून आलेल्या नेत्याने नेमकी हीच उपमा वापरावी, हे आम्हांला नेहमीच बोलके वाटत आले आहे. नुसते विधान म्हणून ते दिले जाते, पण ते बोलणारा माणूस बोरचा होता हे सहसा सांगितले जात नाही.

त्याच काळात जॉन गारांग हा बोरजवळच्या ट्विक दिंकांतला सैन्याधिकारी अमेरिकेत आयोवा येथे शिकत होता आणि त्याने १९८१ मध्ये पूर्ण केलेला डॉक्टरेटचा प्रबंध जोंगलेई प्रकल्पावरच होता. कालवा खोदून झाला तरी स्थानिक माणसाच्या जगण्यात बदल होणार नाही, असा त्याचा आक्षेप होता. तो आक्षेप पाणी नेण्याला नव्हता, विकासाच्या नावाखाली केवळ पाणी नेण्याला होता, हा बारकावा लक्षात घ्यावा.

आता गावाकडे येऊ. १९७२ च्या करारानुसार जुने बंडखोर सुदानच्या सैन्यात सामील करून घेतले होते. त्यांच्यापैकी १०५ वी बटालियन बोर येथे होती आणि तिच्या तुकड्या पिबोर व पोचाला येथेही होत्या. खार्तूमच्या सरकारने या सैनिकांना उत्तरेत हलवण्याचा हुकूम काढला. आपल्याला घरापासून दूर नेऊन निःशस्त्र करणार, ही शंका सैनिकांत होती. त्यातच पगाराचा वाद निघून पगार थांबला. सैनिकांनी जाण्यास नकार दिला. १६ मे १९८३ रोजी सरकारी फौजेने बोरच्या छावणीवर हल्ला केला. बटालियनचा प्रमुख केरुबिनो क्वानयिन बोल जखमी झाला, पण निसटला, आणि सैनिक शस्त्रांसह इथिओपियाच्या दिशेने गेले. गारांग त्या वेळी सुट्टीवर म्हणून बोरच्या परिसरात होता. सरकारची समजूत अशी की तो सैनिकांची समजूत काढील. तोही त्यांच्याबरोबर गेला. जूनमध्ये उत्तरेकडील आयोदची तुकडीही बाहेर पडली. यातून सुदान पीपल्स लिबरेशन आर्मी, म्हणजे एसपीएलए, उभी राहिली. १६ मे हा दिवस आज दक्षिण सुदानात राष्ट्रीय सुट्टीचा आहे.

म्हणजे युद्धाचे तात्कालिक कारण पगार आणि बदली हे होते. त्यामागे राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी १९८३ मध्येच दक्षिणेची स्वायत्तता मोडून तिचे तीन तुकडे केले, सप्टेंबरमध्ये शरियतचे कायदे लागू केले, आणि दक्षिणेतील बेंतिऊजवळ सापडलेल्या तेलावर उत्तरेची नजर होती, ही मोठी कारणे होती. बोर येथे ठिणगी पडली ती योगायोगाने नव्हे. जुने बंडखोर तेथे होते, कालवा तेथून निघणार होता आणि इथिओपियाची सीमा पायी गाठता येण्याजोगी होती.

प्रश्न : त्या कालव्याचे पुढे काय झाले? (वरील वाचकांसह आणखी दोघे)

उत्तर : १९७८ मध्ये सोबातच्या टोकाकडून खोदकाम सुरू झाले होते. एका फ्रेंच कंपनीने त्यासाठी दोन हजार टनांहून जड असे, फिरत्या चाकाला बादल्या लावलेले यंत्र आणले होते. हे यंत्र आधी पाकिस्तानात चष्मा-झेलम जोडकालव्यावर वापरले गेले, मग सुटे करून येथे आणले. एसपीएलएच्या पहिल्या हल्ल्यांपैकी काही या कंपनीच्या छावणीवर झाले आणि १९८४ च्या सुरुवातीला काम थांबले. तोवर सुमारे दोन-तृतीयांश कालवा खोदून झाला होता. यंत्र जेथे थांबले तेथेच गंजत उभे आहे. कोरड्या चराचा उपयोग असा काही झाला नाही. उलट, उभ्या कडांमुळे वन्य प्राणी त्यात पडून मरतात आणि गुरांच्या जुन्या वाटा अडल्या आहेत. त्याच्या बांधावरून मात्र माणसे येतात-जातात, कारण त्या चिखलात तेवढीच उंच जागा आहे.

प्रश्न : १९९१ मध्ये बोर येथे झालेल्या हत्याकांडाचे वर्णन ‘टोळीयुद्ध’ असे केले जाते. दोन्ही बाजू दक्षिणेच्याच होत्या आणि शत्रू तर खार्तूम होता. मग हे घडले कसे? (एक प्राध्यापक, औरंगाबाद)

उत्तर : ‘टोळीयुद्ध’ हा शब्द बोरविषयी वापरताना आम्ही दोनदा विचार करू. त्यात एक आळस आहे. जे घडले त्याला कोणी जबाबदार नव्हते, ते रक्तातच होते, असे त्यातून सुचवले जाते. प्रत्यक्षात निर्णय घेणारी माणसे होती आणि त्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत.

मे १९९१ मध्ये इथिओपियात मेंगिस्तूची सत्ता कोसळली आणि एसपीएलएचा आठ वर्षांचा आश्रय एका महिन्यात संपला. २८ ऑगस्ट १९९१ रोजी सोबातच्या काठावरील नासिर येथून रिएक माचार, लाम अकोल आणि गॉर्डन कोंग या तीन सेनानींनी गारांग यांना पदच्युत केल्याचे जाहीर केले. गारांग हुकूमशहाप्रमाणे वागतात, संघटनेत लोकशाही नाही, आणि आपले ध्येय सुधारलेले एकसंध सुदान नसून दक्षिणेचे स्वातंत्र्य असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. यातील पहिला आरोप खोटा नव्हता, आणि तिसरी मागणी वीस वर्षांनी जनतेने मतपेटीतून मान्य केली. परंतु स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या या गटाला शस्त्रे मिळाली ती खार्तूमकडून, कारण दक्षिणेतील फूट खार्तूमला हवीच होती.

माचार नुएर, गारांग दिंका. गारांग यांच्यापर्यंत थेट पोचता आले नाही, तेव्हा त्यांच्या मुलखावर चाल करण्यात आली. त्या शरद ऋतूत नासिर गटाचे सैनिक आणि त्यांच्याबरोबर हजारो नुएर तरुण डुक, कोंगोर या मार्गाने दक्षिणेकडे निघाले आणि नोव्हेंबरमध्ये बोरला पोचले. या तरुणांच्या फौजेला ‘पांढरी सेना’ म्हणतात, आणि डासांपासून बचाव व्हावा म्हणून अंगाला फासलेल्या शेणाच्या राखेवरून ते नाव पडले, असे सहसा सांगतात. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने त्या वेळी किमान २,००० मृत्यूंचा अंदाज दिला होता. स्थानिक लोक याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. सुमारे एक लाख माणसे पळाली. नदीपलीकडे गेलेल्यांना आसरा मिळाला, दक्षिणेकडे गेलेल्यांपैकी पुष्कळ भुकेने वाटेत मेले. गुरे तर जवळजवळ सगळीच नेली होती. गुरे गेली की दूध जाते, लग्ने थांबतात, देणी-घेणी मिटवण्याचे साधन जाते. त्यामुळे हल्ल्यात जितके मेले त्याहून पुढच्या वर्षीच्या उपासमारीत अधिक मेले असावेत, असे मानले जाते. दिंकांनीही नंतर नुएर गावांवर सूड उगवला, हे येथे सांगितलेच पाहिजे.

दिंका आणि नुएर यांच्यात भांडणे पूर्वीही होती. परंतु भाल्यांच्या लढाईला काही मर्यादा असत. बायका, मुले, म्हातारे यांना हात लावणे निषिद्ध मानले जाई. कोणी कोणाला मारले हे माहीत असे, म्हणून गुरे देऊन भरपाई करता येई. नुएर समजुतीप्रमाणे मारलेल्या माणसाचे रक्त मारणाऱ्याला बाधते आणि विधी केल्याशिवाय तो दोषमुक्त होत नाही. बंदुका आल्यावर गोळी कोणाची हेच कळेनासे झाले. त्यात कमांडरांनी सैनिकांना शिकवले की हे घरचे भांडण नसून ‘सरकारचे युद्ध’ आहे, आणि सरकारच्या युद्धातल्या रक्ताचा दोष लागत नाही. ज्याला टोळीची जुनी रीत म्हणून दोष दिला जातो, ती रीत मोडल्यामुळे १९९१ घडले, असे आमचे मत आहे.

बोर १९८९ मध्ये एसपीएलएने जिंकले होते. या फुटीनंतर, १९९२ मध्ये, सरकारी सैन्याने ते परत घेतले. मे २००० मध्ये बोर तालुक्यातील लिलिर येथे दिंका, नुएर, मुर्ले, अनुआक आदी पूर्वकाठच्या समाजांची शांतता परिषद भरली. सरदार, धर्मगुरू आणि स्त्रिया यांनी कुरणे, पाणी आणि पळवलेली मुले यांविषयी तेथे बोलणी केली. माचार २००२ मध्ये गारांग यांच्याकडे परत आले. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी जुब्यात गारांग यांच्या विधवेच्या घरी बोरच्या लोकांसमोर १९९१ बद्दल माफी मागितली, आणि बोलताना ते रडले. त्या माफीचे काय झाले, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : ‘हरवलेली मुले’ म्हणून जी मुले अमेरिकेत गेली, ती याच भागातली होती का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सगळी नव्हे, पण त्यांच्यापैकी पुष्कळ बोर आणि ट्विक दिंकांची होती. १९८७ च्या सुमारास सरकारच्या बाजूचे हल्लेखोर गावे जाळू लागले. त्या वेळी गुरे राखायला बाहेर असलेली मुले वाचली आणि पूर्वेकडे चालत निघाली. इथिओपियात पिन्युदो येथील छावणीत ती चार वर्षे राहिली. त्यांच्यात पुढचे सैनिकही तयार केले जात होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. १९९१ मध्ये तेथूनही हाकलल्यावर भर पावसाळ्यात गिलो नदी ओलांडताना अनेक बुडाली, काही मगरींनी नेली, काही गोळ्यांनी मेली. उरलेली १९९२ मध्ये केनियातील काकुमा छावणीत पोचली, आणि २००० नंतर त्यांच्यापैकी सुमारे ३,८०० जण अमेरिकेत वसवले गेले.

मुलींविषयी कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो. मुलीही चालल्या होत्या. परंतु छावणीत त्यांना कुटुंबांत वाटून दिले गेले. त्यामुळे अनाथांच्या यादीत त्यांची नावे राहिली नाहीत, आणि अमेरिकेला जाणाऱ्यांत त्या अगदी थोड्या होत्या.

प्रश्न : स्वातंत्र्यानंतर बोर चार वेळा हातांतरित झाले, हे खरे काय? आणि तेथे भारतीय सैनिकांची भूमिका काय होती? (एक निवृत्त सुभेदार, सांगली)

उत्तर : खरे आहे, आणि हे सगळे एका महिन्यात घडले. खार्तूम आणि एसपीएलए यांच्यातील युद्ध संपवणाऱ्या ९ जानेवारी २००५ च्या करारानंतर सात महिन्यांच्या आतच, ३० जुलै रोजी, गारांग हेलिकॉप्टर अपघातात गेले. जानेवारी २०११ च्या जनमतात ९८.८३ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली आणि ९ जुलैला देश स्वतंत्र झाला. अध्यक्ष झाले साल्वा कीर, जे दिंका होते, आणि उपाध्यक्ष माचार. जुलै २०१३ मध्ये कीर यांनी माचार यांना काढले, आणि १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री जुब्यात सैन्याच्या दोन गटांत गोळीबार सुरू झाला. पुढचे काही दिवस राजधानीत घरोघर नुएर नागरिक मारले गेले. ती बातमी वणव्यासारखी पसरली.

१८ डिसेंबरला बोरमधील आठव्या डिव्हिजनचा प्रमुख पीटर गादेत बंड करून उठला आणि गाव बंडखोरांकडे गेले. २४ तारखेला सरकारने ते परत घेतले. ३१ तारखेला पांढरी सेना पुन्हा आली. १८ जानेवारी २०१४ रोजी युगांडाच्या सैन्याच्या मदतीने सरकारने ते शेवटचे जिंकले. बाजार जळाला होता. रुग्णालयात खाटांवरच रुग्ण मारले गेले होते, आणि सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलच्या आवारात आसरा घेतलेल्या स्त्रियांची प्रेते सापडली. माचार यांच्या माफीला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती.

गावातील बहुतेक माणसे या वेळीही नदीकडे धावली. मिळेल त्या होडीने, पडावाने, काही पोहून, त्यांनी पश्चिम काठावरील मिंगकामान गाठले. काही झोपड्यांचे हे ठिकाण दोन महिन्यांत ऐंशी हजारांच्या आसपास माणसांचे झाले. तेथे झाडाखाली संसार मांडलेल्यांना आपले गाव नदीपलीकडे जळताना दिसत होते.

आता सैनिकांविषयी. जोंगलेई राज्यात शांतिसेनेची मुख्य पायदळ तुकडी भारताची होती. ९ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे यादवीच्या आधीच, पिबोर आणि बोर यांच्या दरम्यान गुमुरुकजवळ तिच्या संरक्षणाखालील ताफ्यावर घात लावून हल्ला झाला. त्यात पाच भारतीय जवान आणि सात नागरी कर्मचारी मृत्युमुखी पडले. १९ डिसेंबर २०१३ रोजी अकोबो येथील लहान तळावर, आसऱ्याला आलेल्या दिंका नागरिकांना मारण्यासाठी, सुमारे दोन हजार सशस्त्र तरुण चालून आले आणि दोन भारतीय जवान मारले गेले. बोरच्या तळावर भारतीयांबरोबर दक्षिण कोरियाचे अभियंते होते. त्यांच्याकडे दारूगोळा अपुरा पडल्यामुळे जपानने दहा हजार काडतुसे दिली. जपानच्या युद्धोत्तर धोरणात न बसणारी ही गोष्ट असल्याने सोल आणि टोकियो येथे तिच्यावर मोठी चर्चा झाली. बोरमध्ये त्या दिवसांत प्रश्न एवढाच होता की कुंपण टिकेल काय.

ते एका वेळी टिकले नाही. एप्रिल २०१४ मध्ये बोरच्या तळावर सुमारे पाच हजार माणसे राहत होती, आणि ती मुख्यतः नुएर होती. बंडखोरांनी बेंतिऊ जिंकल्याचा आनंद त्यांच्यापैकी काहींनी साजरा केल्याची वार्ता गावात पसरली. १७ एप्रिलला निवेदन देण्याच्या मिषाने आलेला सशस्त्र जमाव तळाचे कुंपण फोडून आत शिरला. शांतिसैनिकांनी गोळीबार करून तो परतवला, पण तोपर्यंत किमान ४७ नागरिक मारले गेले होते. या वेळी मारणारे बोरचे होते. ज्या गावाने १९९१ आणि २०१३ भोगले, त्याच गावातून हा जमाव निघाला, हे बोरविषयी सहानुभूतीने लिहिणाऱ्यानेही गाळू नये.

प्रश्न : आता तेथे शांतता आहे काय? लोक परत आले असतील तर त्याच ठिकाणी का आले? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : कीर आणि माचार यांच्यातील २०१८ च्या शांतता करारानंतर बोर गाव कोणी जिंकले किंवा जाळले नाही. पूर्वेकडे मुर्ले आणि दिंका-नुएर यांच्यातील हल्ले, गुरे आणि मुले पळवणे, मात्र थांबलेले नाही.

गेल्या काही वर्षांत बोरला उठवले ते पाण्याने. नाईलच्या उगमाकडील व्हिक्टोरिया सरोवराची पातळी २०२० मध्ये विक्रमी झाली आणि काही महिन्यांनी ते पाणी खाली आले. १९६१ ते १९६४ या काळात असेच झाले होते आणि तेव्हाचा पूर म्हाताऱ्यांना आठवत होता. या वेळी गावाभोवतीचे मातीचे बांध फुटले आणि बाजारपेठेत होड्या चालल्या. लोक पुन्हा मिंगकामानला गेले, आणि काही जुब्याच्या दिशेने मोंगाला येथे. गुरे दक्षिणेकडे इक्वेटोरियात हाकावी लागली आणि तेथील शेतकऱ्यांशी भांडणे झाली, कारण पिकात गुरे शिरली की भांडण होतेच. त्यातच २०२२ मध्ये पुरावर उपाय म्हणून कालवा पुन्हा सुरू करावा, असा विषय सरकारातूनच निघाला. विरोध होऊन तो मागे पडला, पण यंत्र अजून तेथेच आहे.

लोक परत का आले, या आपल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पत्राला दिलेल्या उत्तरातच आहे. तोइच तेथे आहे. बांध माणसांनी हातांनी, पोत्यांत माती भरून, आणि शांतिसेनेच्या अभियंत्यांच्या यंत्रांनी पुन्हा उभे केले आहेत. पावसाळाभर त्यांच्यावर पहारा असतो, आणि डिसेंबरात पाणी उतरले की तरुण मंडळी तो बांध ओलांडून गुरे नदीकडे नेतात.